अपिलातला तिसरा मुद्दा

पैठणच्या कोर्टानं जमिनीत बहिणीला निम्मा वाटा दिला, तसा पुंजारामच्या अंगाचा तिळपापड झाला. निकालाची नक्कल काखेत मारून तो एसटीनं संभाजीनगरला आला, थेट मनस्विनी वकीलबाईंच्या ऑफिसात.

बाईंनी निकाल शेवटपर्यंत वाचला. "काका, अपील म्हणजे रडगाणं नव्हे. खालच्या कोर्टाचं नेमकं काय चुकलं, ते मुद्द्यांनी मांडावं लागतं. सांगा, काय चुकलं?"

 पुंजारामकडून दोन लंगडे मुद्दे कसेबसे निघाले. मग तो एकदम बोलून गेला, "रत्नमाला आमच्या बापाची पोरच नाय. आईनं सांभाळायला आणलेली."

"हे खाली का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"खरं आहे ना?"

"व्हय."

तो तिसरा मुद्दा झाला. पुंजारामनं पानोपानी सह्या केल्या.

नोटीस गेली. तारखेला जिल्हा कोर्टाच्या जिन्यात रत्नमाला समोर आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "दादा, जमीन पाहिजे व्हती तर तसं म्हणायचं. आईला कशाला मधी आणलंस तू? माझ्या पोरीनं वाचून दाखवलं मला."

पुंजारामचे कान तापले. रत्नमाला जन्मली तेव्हा सुईणीला बोलवायला तोच अनवाणी पळत गेला होता.

त्यानं वकीलबाईंना गाठलं. "तो तिसरा मुद्दा खोडा. खोटं हाय ते."

बाईंनी हातातली फाईल मिटली. "मी विचारलं होतं तुम्हाला." मग कोरडेपणानं म्हणाल्या, "दाखल झालेला कागद असा खोडता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. त्यात कारण लिहावं लागतं."

"लिवा. खोटं बोललो म्हणून लिवा."

अर्ज मंजूर झाला. मुद्द्यावर लाल रेघ पडली, पण रेघेखालची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. पुढं अपीलही फेटाळलं गेलं. त्याचं पुंजारामला फारसं काही वाटलं नाही.

मोजणीच्या दिवशी भूमापक साखळी ओढत असताना रत्नमाला बांधावर उभी होती. पुंजाराम चहाचा ग्लास घेऊन तिच्यापाशी गेला.

"नको," ती म्हणाली, "तुम्ही घ्या."

उभ्या जन्मात तिनं त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तो ग्लास तसाच धरून उभा राहिला; मान वर करायची हिंमत झाली नाही.