माझ्यावर गुडघे कुणी टेकेना

मी उशी आहे. पण डोक्याखालची नव्हे, हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मी गुडघ्यांखालची उशी. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये बाकांच्या पाठीला हूक असतात आणि एकेका हुकाला माझी एकेक बहीण लटकलेली असते. प्रार्थनेची वेळ झाली की माणसं तिला खाली घेतात, तिच्यावर गुडघे टेकतात आणि डोळे मिटतात. अशा माझ्या साठ बहिणी. मी एकसष्टावी, शेंडेफळ, आणि इतक्या लांब सासरी धाडलेली एकटीच.

माझी आई डोरीनबाई. इंग्लंडमधल्या एका खेड्यात पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. तिच्या अँग्लिकन चर्चच्या मंडळीनं जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या मंडळीशी नातं जोडलं. दोन्हीकडून नावांच्या याद्या गेल्या. ज्याच्या वाट्याला जे नाव येईल, त्यानं त्या माणसासाठी दर रविवारी प्रार्थना करायची, असं ठरलं. आईच्या वाट्याला चांगुणाबाई आली. ते नाव नीट उच्चारायला आईला दोन आठवडे लागले.

तेव्हा आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. टेकले तर उठता येईना, आणि डॉक्टरांनी टेकायलाच बंदी केली. मग तिनं मला विणायला घेतलं. टेंभुर्णीहून कापसाच्या बोंडाचा फोटो आला होता. तो समोर ठेवून तिनं माझ्या चार कोपऱ्यांत चार पांढरी बोंडं काढली आणि मधोमध लाल लोकरीचा क्रूस. शेवटचा टाका घालताना ती मला म्हणाली, "माझे गुडघे आता वाकत नाहीत. तिकडचं कुणीतरी माझ्या वाटणीचं वाकेल." त्या दिवसापासून मला एकच उत्सुकता लागून राहिली: ते गुडघे कुणाचे असतील?

तिकडचे चार पाहुणे इकडे आले, त्यांच्या बॅगेतून मीही आले. जालन्याहून जीपनं टेंभुर्णीला पोचेपर्यंत माझ्यातला कापूस चांगलाच घुसळून निघाला. चर्चच्या दारात चपलांचा ढीग पाहून मी चक्रावले. माझ्या माहेरी लोक बुटांसकट आत येतात! इथं सतरंजीवर मांडी घालून बसले होते सगळे, आणि पेटी-तबल्यावर गाणं चाललं होतं.

पाहुण्यांनी मला पाळकसाहेबांच्या हातात दिलं. पाळकसाहेब म्हणजे इथले धर्मगुरू संपतराव, मोठा भाविक माणूस. त्यांनी क्रूस पाहिला, मला कपाळाला लावलं आणि थेट वेदीच्या मेजावर पवित्र शास्त्राखाली, म्हणजे बायबलखाली ठेवलं. पाहुणे एकमेकांकडे पाहून हसले. इथली हीच रीत असेल, असं त्यांना वाटलं. दोन्हीकडची माणसं इतकी सभ्य, की विचारायला कुणी धजेना. आणि त्यांच्या सभ्यपणात मी दोन वर्षं मेजावर अडकले.

मान भरपूर मिळाला, हे खोटं कशाला बोलू? पण काम मिळेना. वरून रोज बघायचे काय, तर चांगुणाबाई! ती चर्च झाडायची आणि झाडून झालं की उघड्या शहाबादी फरशीवर गुडघे टेकायची. "देवा, त्या डोरीनबाईच्या गुडघ्याला आराम पडू दे," म्हणायची. मग भिंत धरून, "आई गं" करत उठायची. स्वतःच्या गुडघ्यांचं नाव काढायची नाही. मी हाताच्या अंतरावर, मऊ कापसानं भरलेली, आणि ती दगडावर! माझा जीव नुसता तळमळायचा.

मागच्या थंडीत एका रविवारी दुपारी साडेतीनला फोनवर व्हिडिओ कॉल लागला. आईकडे तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. बदनापूरला शाळेत शिकवणारी दीपमाला दोन्हीकडचं बोलणं एकमेकांच्या भाषेत सांगत होती. ऐकता ऐकता ती थबकली.

"पाळकसाहेब, त्या विचारून राह्यल्या, माझ्या उशीवर गुडघे कोण टेकतं?"

"गुडघे?" संपतराव दचकले. "अहो, तिच्यावर क्रूस हाय!"

"ती त्याच्यासाठीच केल्ती म्हणतात. दोन वर्षं झाली, तिच्यावर कोण वाकतं ते एकदा बघायचंय त्यांना. उद्या ऑपरेशन हाय."

सगळ्यांच्या माना चांगुणाबाईकडे वळल्या. डोरीनबाईचं नाव तिच्याच वाट्याचं होतं ना!

"न्हाई गं बाई," ती मागं सरली. "बिलकुल न्हाई. क्रुसावर गुडघा ठेवू? पाप लागंल मला."

दीपमालानं ते जसंच्या तसं सांगितलं. आई हळूहळू काही बोलली, आणि दीपमालानं ते मराठीत सांगितलं.

"त्या म्हणतात, क्रूस मधोमध मी मुद्दाम काढला. आपला सगळा भार त्यानंच घ्यावा म्हणून. आजवर घेतच आलाय की."

चांगुणाबाई उठली, तिनं शास्त्राखालून मला काढलं आणि फरशीवर ठेवलं. माझ्यावरून हात फिरवून तो डोळ्यांना लावला. "माफ कर, बापा," म्हणाली आणि टेकली.

काय सांगू तुम्हाला! एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जड होता. दोन्ही थरथरत होते. मग हळूहळू थांबले. तिनं डोरीनबाईसाठी मागितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, अगदी हळू, स्वतःच्या गुडघ्यांसाठीही मागितलं. मी धन्य झाले.

फोनमध्ये आई रडत होती. "तिनं हात डोळ्यांना का लावला?" तिनं विचारलं. दीपमालानं सांगितलं, की पवित्र वस्तूला चुकून जरी पाय लागला, तरी आमच्याकडं अशी माफी मागतात.

आता माझ्यावर चांगुणाबाई टेकते, मंडळीतली नंदाबाई टेकते, आणि चर्च रिकामं असलं की संपतरावही. क्रुसाची लोकर दोन जागी विरलीय. आईनं नवी लाल लोकर धाडली, पण चांगुणाबाई म्हणते, "राहू द्या. झिजतंय ते बराबर झिजतंय." मलाही तसंच वाटतं. तुम्ही कधी आलात, तर चपला बाहेर काढा आणि खुशाल टेका. फक्त मला पुन्हा मेजावर ठेवू नका.

ईस्टरला तिकडून एक व्हिडिओ आला. आई काठी टेकत बाकापर्यंत गेली. तिला अजून टेकता येत नाही, कदाचित येणारही नाही. तिनं हुकावरून माझी एक बहीण काढली, शेजारणीसाठी खाली ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि डोळ्यांना लावला. शेजारणीनं तसंच केलं. मग पुढच्या बाकानं, मग त्याच्या पुढच्या. माझ्या साठ बहिणींची इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माफी मागत होतं.

चांगुणाबाईनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग फोन दीपमालाकडे दिला आणि टेकायला मला खुंटीवरून खाली घेतलं.