पाखरांचा वाटा

मी गोफण, मित्रांनो. वलगावच्या जाईबाईंची. जुनी आहे, विरले आहे, पण तुटलेली नाही.

अंबाडीच्या वाखाची दोरी वळून जाईबाईंनीच मला विणलं. माझ्या झोळीत मातीचं ढेकूळ ठेवायचं, डोक्यावरून गरगर फिरवायचं आणि एक टोक सोडून द्यायचं. असा सटकन आवाज निघायचा, की ज्वारीवर बसलेला चिमण्यांचा अख्खा थवा भुर्रकन उठायचा. साळुंक्या यायच्या, पोपट यायचे. जाईबाई मचाणावरून ओरडायच्या, "तुमच्या बापाचं वावर हाय काय रे, मुडद्यांनो?" तोंडानं असं बोलायच्या, पण कापणीला कडेची एक ओळ पाखरांसाठी उभी ठेवायच्या. दिवसभर हाकललं तरी त्यांचा वाटा त्यांना द्यायचाच.

पुढे ज्वारी गेली. जिकडेतिकडे सोयाबीन आणि कपाशी. सोयाबीनवर कोणतं पाखरू बसणार? मी खुंटीला गेले. समोरून फवाऱ्याचे पंप जाताना दिसायचे. अळी मरायची, सोबत नाकतोडे आणि मधमाश्याही मरायच्या. मग चिमणीनं पिलांना काय भरवायचं? अमरावतीकडून घरांच्या प्लॉटचे लेआउट सरकत आले, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळी घरट्यांसकट आडव्या झाल्या. आधी मला फार वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

यंदा सून प्रतीक्षा म्हणाली, "आई, घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरू काय?"

जाईबाई एकदम खुलल्या. "पेर वं पोरी. पाखरं येतीन. मराच्या आंधी एक डाव तो गलका मले आयकू दे."

ज्वारी दाण्यावर आली तशा जाईबाई मला घेऊन मचाणावर बसल्या. रोज बसल्या. शेजारच्या लेआउटमध्ये मशीन घरघरत होतं. एकदा दोन पारवे आले, विजेच्या तारेवर बसले आणि निघून गेले. माझ्या झोळीतल्या ढेकळाचा वाळून भुगा झाला.

कापणीच्या दिवशी शेजारचे जानराव आले. भरगच्च कणसं पाहून म्हणाले, "वा जाईबाई! एक दाना नाई जाऊ देल्ला. राखन असावं तं असं!"

एवढं कौतुक माझ्या उमेदीतही कुणी केलं नव्हतं. मला काहीच वाटलं नाही.

"कायची राखन, भाऊ?" जाईबाई म्हणाल्या. "आलंच कोन?" आणि धुऱ्यावर बसून त्या रडल्या.

तरी कडेची ओळ त्यांनी ठेवलीच. पण हरभऱ्याची पेरणी आली. प्रतीक्षा हळूच म्हणाली, "आई, ट्रॅक्टर येऊन राहिला. ते ओळ काढा लागते." जाईबाईंनी ओळ कापली, कणसांची जुडी केली आणि माझ्याच दोरीनं ती मचाणाच्या खांबाला बांधली.

आता मी इथेच आहे. ज्या दाण्यांवरून पाखरं हाकलली, तेच दाणे त्यांच्यासाठी धरून बसले आहे. जाईबाई रोज संध्याकाळी येतात, कणसं चाचपून बघतात. ती जशीच्या तशी असतात.

मित्रांनो, धुऱ्यावर एखादी बाभूळ उरली असेल तर तिला राहू द्या. फवारा मारताना हात जरा आवरा. आणि या वाटेनं जाताना खांबावर एखादी चिमणी दिसली, तर टाळी वाजवू नका. पावलांचा आवाज न करता घराकडे जा आणि आधी जाईबाईंना बोलवा.