दोन कणांच्या मधात

माघात संत्र्याच्या बहराचा गंध वर्गात शिरला, की शीलाताईंचा लिहिता हात फळ्यावर क्षणभर थांबे. खिडकीतलं कोवळं ऊन त्या डोळे मिटून चेहऱ्यावर घेत आणि मग अर्धं राहिलेलं समीकरण एका दमात पुरं करत. सौंसरच्या कॉलेजात आम्ही दोघं पदार्थविज्ञान शिकवत होतो. मी कायम, त्या हंगामी.

लोधीखेड्याच्या शेतमजुराच्या घरातून आलेल्या या बाईंना एकच प्रश्न छळत असे. सुरुवातीला परस्परांशी काही नातं नसलेले असंख्य कण. त्यांचा समतोल अचानक ढळला, की त्यांच्यात ते विलक्षण गुंतलेपण येतं कुठून? दोन्ही हातांची बोटं सावकाश एकमेकांत गुंफत त्या म्हणायच्या, "एकेका कणापाशी शोधलं तर काहीच सापडत नाही, सर. जे असते ते दोघांच्या मधात असते." शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे ते नातं कसं पसरत जातं, हे त्यांनी एका वहीत मुंगीसारख्या अक्षरांत मांडलं होतं. ती वही त्यांनी विश्वासानं मला तपासायला दिली.

नागपूरला प्राध्यापकांच्या सभेत मी तेच विवेचन वाचलं आणि त्यांचं नाव घेतलं नाही. विसरलो नव्हतो, नाव ओठांपर्यंत आलं होतं, पण समोरच्या माना कौतुकानं डोलू लागल्या होत्या. शीलाताई शेवटच्या रांगेत बसून ऐकत होत्या. परतीच्या बसमध्ये बोरगाव येईपर्यंत त्या मागे सरणाऱ्या बागा पाहत राहिल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बरोबर सांगून राहिले होते, सर. फक्त हे सुरू कुठून झालं, ते सांगाचं राहिलं तुमचं."

त्या कणांविषयी बोलत होत्या की स्वतःविषयी, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पुढल्या सत्रात त्यांची नेमणूक संपली. त्या पांढुर्ण्याच्या एका शाळेत लागल्या, आणि दोन उन्हाळ्यांनी काविळीनं गेल्या. वही घेऊन मी त्यांच्या भावाकडे गेलो, सारं कबूल करायचं असं मनाशी ठरवून. पण चहाचा कप पुढं करत तोच अभिमानानं म्हणाला, "ताई सांगत होती, सरांनं नागपूरले तिच्या नावानं तिचं काम वाचलं म्हणून."

मी मान हलवली.

माणूस गेलं की काळ हळूहळू त्याचा चेहरा पुसट करत नेतो. मला त्यांचा चेहरा अजून लख्ख आठवतो, आणि त्या घरात होकारार्थी हललेली माझी मान त्याहूनही लख्ख.