डाव्या पिळाचं प्रथिन

मुरबाडच्या एका कॉलेजात रुपाली मॅडम जीवरसायनशास्त्र शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या वर्षी तास मिळणार की घरी बसायचं, हे आज येणाऱ्या निरीक्षक साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार.

धडा मात्र झकास बसवला होता. कॉम्प्युटरवर प्रथिनाचा रेणू गरगर फिरणार आणि लाल-निळ्या चष्म्यातून बघितला की पडद्यातून थेट बाहेर येणार. आता एवढे चष्मे विकत कोण आणून देतंय? पोरांनी गावोगावच्या जुन्या लग्नपत्रिका जमवल्या. कापून डाव्या डोळ्याला लाल जिलेटिन चिकटवलं, उजव्याला निळं, मागे रबर. टोकावड्याच्या भाविका नावाच्या पोरीने बहिणीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठाच आणला. त्यामुळे प्रत्येकाच्या कपाळावर गणपती.

साहेब आले, चहा प्याले, चष्मा चढवून बसले. रेणू फिरू लागला तशी सगळी पोरं हवेत हात घालून त्याला पकडायला लागली. साहेब ढिम्म.

"मॅडम, तुमचा रेणू चुकलाय. या प्रथिनाचा पीळ उजवा असतो. हा डावा आहे," असं म्हणून त्यांनी वहीत लिहायलाच घेतलं.

मॅडमनी स्वतःचा चष्मा चढवून पुन्हा पाहिलं, तर पीळ चांगला उजवा. मग साहेबांकडे पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला. सगळ्यांचे गणपती बाहेर, साहेबांचा आत! देवाचं तोंड आपल्याकडे हवं म्हणून भल्या माणसाने चष्मा फिरवून घातला होता. लाल-निळ्याची अदलाबदल झाली की पुढचं मागे दिसतं आणि उजवा पीळ डावा होतो.

पण सांगणार कोण? जिच्या भाकरीचा प्रश्न, ती बाई साहेबांची चूक कशी काढणार?

"मॅडम, सांगा ना," भाविका कुजबुजली. "नायतर चुकीचं लिवतील."

"साहेब," मॅडम कशाबशा म्हणाल्या, "बाप्पाचं तोंड जरा आमच्याकडे करता का? आम्हालाही दर्शन होऊ दे."

साहेब खूश झाले. त्यांनी चष्मा फिरवला. रेणू सरळ नाकावर आला आणि साहेब खुर्चीसकट मागे आडवे झाले. पोरांनी ओठ चावून हसू दाबलं.

साहेब उठले, पँट झटकली, पडदा नीट न्याहाळला आणि आधीचं काही न खोडता पुढे लिहिलं: 'निरीक्षकांनी दोष दाखवताच प्रथिनाचा पीळ जागेवरच उजवा करण्यात आला. शिक्षिका तत्पर आहेत. तास चालू ठेवावेत.'

मग वही मॅडमपुढे सरकवली. मॅडमनी ते दोनदा वाचलं, आजवर शिकलेलं सगळं शास्त्र मुकाट गिळलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.