वीतभर उंच घंटी

सिंधुबाईंनी खेळण्यांच्या पेटीचं सील सुरीनं कापलं, तेव्हा डांबरगोळ्यांचा भपकारा नाकात शिरला. आठ महिने ही पेटी कळंबच्या अंगणवाडीत पडून होती. बारामतीच्या प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी सिंधुबाईंसारख्या सेविकांना घसा फोडून सांगितलं होतं, की पहिल्या तीन वर्षांत मुलाशी बोला, खेळा. जे मागं पडतंय, त्याच्याशी जास्त खेळा. पेटी त्यासाठीच आली होती. पण पोरं खेळणी चाटतात, मोडतात, वर जाब कोण देणार, असं म्हणून सुपरवायझर मॅडमनी ती उघडूच दिली नव्हती.

आज पुण्याहून पाहुणे अंगणवाडी बघायला येणार, म्हणून पेटी उघडली. वरून कीर्तन, आतून तमाशा. मॅडमनी कालच बजावलं होतं, चांगल्या घरची धडधाकट पोरं बसवा, सारजाचं नको. मेंढपाळाच्या घरातल्या सारजाचा बिरू अडीच वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. तो निरोप सांगायला सिंधुबाई स्वतःच गेल्या होत्या. सारजानं मान डोलावली होती.

पाहुणे आले. पावडर थापलेली पोरं मांडीवर हात ठेवून ओळीत बसली होती. खेळण्याला हात लावायचा नाही, असा दम सकाळीच मिळाला होता. पाहुण्या बाईंनी खुळखुळा पुढं केला, तर समोरची पोरगी घाबरून मॅडमच्या तोंडाकडं बघायला लागली.

"शिस्त आहे बघा मुलांना," मॅडम म्हणाल्या.

पाहुण्यांनी ते लिहूनही घेतलं. चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या सिंधुबाईंना मॅडमची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

मोटार गेली. खेळणी पुसून पुन्हा पेटीत गेली. एक खुळखुळा तेवढा सिंधुबाईंनी पदराखाली दडवला आणि तडक सारजाचं घर गाठलं.

छपराच्या खांबाला मेंढीच्या गळ्यातली जुनी घंटी टांगली होती. खांबाला दोन्ही हातांनी धरून बिरू गुडघ्यांवरून उठत होता. पाय लटपटले, पण तो उभा राहिला. एक हात वर गेला, बोट पोचलं आणि घंटी वाजली.

सिंधुबाई होत्या तिथंच थांबल्या.

"तुमीच इहिरीवर सांगितलं हुतं न्हवं, बाई," सारजा शेणानं भरलेले हात झटकत म्हणाली. "खेळनं हाताला लागंल न लागंल असं ठेव म्हनून. रोज वाईच वर बांधते. आज ईतभर वर बांधलीया."

असं आपण कधी बोललो, ते सिंधुबाईंना आठवतही नव्हतं. पदराखालचा खुळखुळा त्यांनी आणखी आत सारला.

"सायेब लोक आलं हुतं म्हनं आज. काय बगाया?"

बिरूनं पुन्हा घंटी वाजवली.

"खेळणी," सिंधुबाई म्हणाल्या.