खाटेखालचा नांगर

बोट समुद्रात होती आणि बोटीचा नांगर घरी खाटेखाली होता. हा अतिशहाणपणा कुणी केला, ते फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं सकाळी साडेनऊपर्यंत थोरलीला वाटत होतं.

थोरली ही कप्तानाची एकुलती एक मुलगी. धाकटं असं कुणी नव्हतंच, पण सातव्या वर्षापासून अख्ख्या बेटाला अक्कल शिकवत आली, म्हणून नाव पडलं थोरली. तीन वर्षांपूर्वी तिनं आठ बोटवाल्यांच्या हात धुऊन मागे लागून एक कंपनी उभी केली. तळाला काच बसवलेल्या बोटींतून पाहुण्यांना प्रवाळ दाखवायचं, पण प्रवाळावर नांगर म्हणून टाकायचा नाही. वाळूत जड ठोकळे पुरून त्यांना पाण्यावर तरंगणारे बोये बांधले. बोट आली की बोयाला अडकवायची. पैसा लावला एका फंडानं. त्यांना नफा हवा होताच, पण प्रवाळही जिवंत हवं होतं, आणि दोन्ही दिसलं तरच पुढची रक्कम. प्रवाळाच्या अर्ध्या पट्ट्यात अजून बोये नव्हते. पैसे अडले तर आम्ही आपले नांगर घेऊन मोकळे, असं बोटवाल्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि आज फंडाच्या बाई स्वतः बोटीत बसल्या होत्या.

अडचण होती बाबांच्या उजव्या हाताची. तसं कप्तानाचं डोकं केव्हाच बदललं होतं. पाहुण्यांना ते प्रवाळावर असं काही भाषण ठोकायचे की मुलगी बघतच राहायची. पण इंजिन बंद केलं की हात मागे टाकायचा आणि नांगर उचलायचा, ही चाळीस वर्षांची सवय. तो हात कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता. गेल्या महिन्यात दोनदा थोरलीनं ओरडून थांबवलं होतं. बाईंसमोर तिसऱ्यांदा झालं तर? म्हणून सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर तिनं नांगर हातगाडीवर घालून घरी आणला, खाटेखाली ढकलला, आणि तपासणीच्या कागदावर ‘नांगर’ या शब्दापुढे बरोबरची खूण करून सही ठोकली.

पट्ट्यापासून थोडं अलीकडे इंजिन घरघरलं, खोकलं आणि बंद पडलं.

“पंख्यात जाळ्याचा तुकडा गेलाय,” बाबा वाकून बघत म्हणाले.

पाण्याला ओढ होती. बोट आडवी होऊन सरकायला लागली, आणि समोर प्रवाळावर लाटा पांढऱ्या फुटत होत्या. बाईंखेरीज पाच पाहुणे बोटीत होते. थोरलीनं काचेतून खाली पाहिलं, तर खाली नुसती स्वच्छ वाळू. इथे नांगर टाकला असता तर कुणी चकार शब्द काढला नसता.

बाबांचा उजवा हात मागे गेला आणि रिकामा परत आला.

त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं! बसायच्या फळीखालून त्यांनी दोराचं एक मोठं भेंडोळं ओढून काढलं. हा दोर इथे रोज नसतो, एवढं त्या गडबडीतही तिला कळलं.

“हे टोक खुंटीला बांध. वल्हं घे, बोटीचं तोंड बोयाकडे ठेव.”

दुसरं टोक कमरेला बांधून बासष्ट वर्षांचा माणूस पाण्यात उतरला. बोया बराच लांब होता आणि ओढ उलटी होती. डोकं दिसायचं, लाटेआड जायचं, पुन्हा दिसायचं. थोरली जिवाच्या आकांतानं वल्हं मारत होती आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. मूर्ख, मूर्ख, मूर्ख! पाहुण्यांपैकी कुणीतरी रडायला लागलं. काचेखालची वाळू संपली आणि प्रवाळ सुरू झालं, आधी खोल, मग हाताला लागेल इतकं वर. कर्रकन आवाज झाला. काचेखाली फांद्यांचं एक मोठं प्रवाळ मोडून आडवं पडलं. ते बाईंनीही पाहिलं.

तेवढ्यात दोर ताणला गेला. बोटीनं हिसका खाल्ला आणि ती थांबली. पलीकडे दोर बोयाला अडकवून बाबा त्यालाच मिठी मारून धापा टाकत होते.

दुसऱ्या बोटीनं ओढून त्यांना धक्क्यावर आणलं. पाहुणे उतरून गेले. बाईंनी तपासणीचा कागद मागितला.

“इथे नांगरापुढे खूण आहे,” त्या म्हणाल्या. “नांगर मात्र बोटीत नव्हता.”

“माझंच चुकलं,” बाबा डोकं पुसता पुसता म्हणाले. “साफ करायला काढला आणि विसरलो. वय झालं, दुसरं काय!”

थोरली नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. पैसे वाचले असते, बोये वाचले असते.

“बाबा खोटं बोलतायत. नांगर मी घरी लपवलाय. खाटेखाली. मला यांच्या हाताचा भरवसा नव्हता.”

बाबा खाली मान घालून पाय पुसत राहिले.

“मोडलेलं प्रवाळ मी अहवालात लिहिणार,” बाई म्हणाल्या. “खोटी सहीही लिहिणार. पैशांचं आज काहीच सांगत नाही. उद्या आठ वाजता पुन्हा निघू. नांगर घेऊन.”

दोघं घरी आली. थोरलीनं विचारलं, “तो दोर?”

“निघतानाच पाहिलं, नांगर नाही. म्हणून घेतला.”

“मग तेव्हाच झापायचं ना मला!”

“झापलं असतं तर कारण सांगितलं असतंस,” बाबा म्हणाले. “ते मला ऐकायचं नव्हतं. शेवटी चारचौघांत ऐकलंच.” थोरलीला रडू फुटलं. बाबांनी तिला पोटभर रडू दिलं.

सकाळी त्यांनी स्वतः नांगर खाटेखालून ओढला आणि बोटीत जागेवर ठेवला. मग बारीक दोरी तिच्या हातात दिली.

“बांध याला. सोडेपर्यंत दहा आकडे मोजून होतील अशी गाठ मार. खरंच वेळ आली तर दहा आकड्यांत कुणी बुडत नाही. आणि नुसती सवय असेल, तर तेवढ्यात माझं डोकं हातापर्यंत पोचतं.”

एवढी साधी गोष्ट! आधी विचारलं असतं तरी सुचली असती. तिनं गाठ मारली.

आठ वाजता निघून पट्ट्यावर पोचल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं. उजवा हात मागे गेला. बाई बघत होत्या. थोरलीच्या ओठांवर ओरडणं आलं होतं, ते तिनं दात आवळून आत ठेवलं. बोटांना गाठ लागली. एक वेढा सुटला. दुसरा सुटायला लागला. मग हात थांबला, सुटलेला वेढा त्यानं नीट परत घातला, आणि बाजूची आकडीची काठी उचलून बोया पकडला.

बाईंनी वही उघडली. विचारलं ते थोरलीला नाही, बाबांना.

“उरलेल्या पट्ट्यात बोयांसाठी वाळू कुठे कुठे आहे, दाखवाल?”

बाबांनी तोच हात वर केला आणि एकेक जागा दाखवायला सुरुवात केली.