कचऱ्याच्या गाडीचं गाणं म्हणणारा भोंगा

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर आधी मान वर करा. देवळाच्या अंगणाच्या कडेला एक लाकडी खांब आहे ना, त्याच्या टोकाला तोंड वासून बसलेला तो मी. मेइकेंग गावचा जुना भोंगा. माझा रंग उडाला आहे, काठ गंजला आहे आणि गांधीलमाश्यांनी माझ्या तोंडात दोनदा संसार थाटून मोडला आहे. तरीही माझा आवाज खणखणीत आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझा जन्म खाली मैदानातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, गोल वळवला आणि मी तयार झालो. कोबीच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून मी तैवानचे हे डोंगर चढलो. मला खांबावर चढवलं त्या दिवशी गावाने फटाक्यांची माळ लावली होती आणि देवापुढे संत्री ठेवली होती. तेव्हापासून मी गावाचं तोंड झालो.

सरपंचबाई चान सू-मेइ आपल्या बैठकीच्या खोलीत बसून ध्वनिक्षेपकात बोलत आणि मी ते गावभर पोहोचवत असे. सुरुवातीला त्या ध्वनिक्षेपकात फुंकर मारत आणि विचारत, "ऐकू येतंय का?" जणू सारं गाव खिडकीतून उत्तर देणार होतं. मग खरी बातमी येई. "आ-हाउ, तुझी बदकं परत शाळेत शिरलीत, मास्तर चिडलेत." "प्लम विकत घेणारा आलाय, टोपल्या घेऊन या, आणि कालची मऊ फळं वर ठेवू नका, त्याला सगळं कळतं." माझ्यामुळे कितीतरी बदकं घरी परतली. पण माझं कौतुक झालं ते पहिल्या वर्षापुरतंच. नंतर मी सवयीचा झालो.

माझं तोंड ओढ्याकडे वळलेलं आहे. ओढ्याच्या अगदी काठावर गिन आमांचं घर होतं. आमच्याकडे आजीला आमा म्हणतात, आणि या तर सगळ्या गावाच्याच आमा, शिवाय सरपंचबाईंच्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. त्या एकट्याच राहत. अंगणात खारवलेल्या प्लमच्या बरण्या आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या कोंबड्या, एवढा त्यांचा पसारा. मी बोलू लागलो की त्या केरसुणी उगारून म्हणत, "झाला का सुरू बोंबल्या? जरा डोळा लागला की याला कंठ फुटतो." आयुष्यभर मला याच नावाने हाक मारणारी तेवढी एकच बाई.

एका वर्षी वादळाच्या पावसात डोंगर वर कुठेतरी सुटला आणि ओढ्यातून चिखल, दगड, झाडं असं सगळं एकदम खाली आलं. आमांच्या शेजारचे शिएन काका घरासकट गेले. वर काय सुटलंय हे खाली कुणालाच कळलं नव्हतं. जे कळलंच नाही ते मी तरी काय सांगणार? त्या दिवसानंतर सरपंचबाईंच्या जिवाला एकच घोर लागला. पुढचं घर आमांचं होतं, आणि आमा काही केल्या तिथून हलत नव्हत्या. "माझ्या बरण्या तुमच्या उंचावरच्या उन्हात बिघडतील," म्हणायच्या.

मग सरकारने ठरवलं की या ओढ्यावर राखण बसवायची, आणि एका कंपनीला काम दिलं. सरकारकडून वेई साहेब आले. नीटनेटके, इस्त्रीचे, बोलण्याआधी घसा साफ करणारे. कंपनीकडून फान नावाचा इंजिनियर आला. त्याच्या बुटांना कायम चिखल आणि खिशात कायम अर्धवट खाल्लेला पाव. त्यांनी वरच्या दरीत ओढ्यावर आडव्या तारा ताणल्या. डोंगर सुटला की तार तुटणार, तार तुटली की खाली नवा भोंगा वाजणार. नवा भोंगा माझ्या शेजारीच, पोलादी खांबावर. पांढराशुभ्र आणि माथ्यावर सौरपट्टी. मला मात्र भंगारात द्यायचं ठरलं. खरं सांगतो मित्रांनो, मी त्या शेजाऱ्याशी पुष्कळ दिवस एक शब्दही बोललो नाही.

तालमीचा दिवस आला. वेई साहेब आणि फान देवळाच्या अंगणात गावकऱ्यांची वाट पाहत उभे राहिले. ओढ्याकाठचे सगळे लोक चढून इथे यावेत, अशी योजना होती. नव्या भोंग्याने गळा काढला. असा लांबलचक, वर चढणारा, खाली उतरणारा आवाज की माझ्या तोंडातल्या गांधीलमाश्याही उडाल्या.

आणि अख्खं गाव घरात शिरलं.

रस्त्यावर होते तेही आत पळाले. धडाधड लोखंडी शटर खाली आली. गिन आमांनी तर गॅस बंद केला, कोंबड्या आत घेतल्या आणि दिवा मालवून बसल्या. कारण आमच्या बेटावर दरवर्षी हवाई हल्ल्याची तालीम होते. तो आवाज झाला की रस्ता सोडायचा, आत जायचं आणि परवानगी मिळेपर्यंत बाहेर डोकवायचं नाही, हे शाळेपासून प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं. लोक अगदी शिस्तीने वागले होते. फक्त खरा चिखल आला असता तर सगळे शिस्तीने त्याखाली गेले असते.

रिकाम्या अंगणात दोघांची जुंपली.

"आवाज तुम्ही निवडलात," वेई साहेब म्हणाले.

"तुम्ही लिहून दिलंत, दूरवर जाणारा धोक्याचा आवाज हवा. हा डोंगरापलीकडे जातो, साहेब."

"दूर जातो हो. पण माणसं उलटी जातात, त्याचं काय?"

"ते तुमच्या खात्याने सांगायला हवं होतं. आम्ही यंत्रं बनवतो, माणसं नाही बनवत."

सरपंचबाई इतका वेळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भांडण आवरलं की सांगा, चहा ठेवते. एवढंच लक्षात ठेवा, ती खाली दिवा मालवून बसलीय ना, ती माझी आत्या आहे. ती भांडत नाही, नुसती बसून राहते. ओढ्याला तेवढं पुरतं."

वेई साहेबांनी घसा साफ केला आणि चहा चालेल म्हणाले. तिघं देवळाच्या पायरीवर चहा घेत बसले. तेवढ्यात खालच्या वळणावरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं.

आमच्याकडे कचरा दारात ठेवून चालत नाही. गाडी गाणं वाजवत येते आणि प्रत्येकाने आपली पिशवी घेऊन स्वतः पळत जायचं. चुकली तर माशांची हाडं घरात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघा. आमच्या अरुंद बोळांत गाडी शिरत नाही, म्हणून ती देवळाच्या अंगणातच थांबते. गाणं सुरू होताच शटर वर गेली, दारं उघडली. लुळ्यापांगळ्यांसकट सगळं गाव पिशव्या घेऊन चढ चढू लागलं. आणि सगळ्यांच्या पुढे, कंबर वाकवून, गिन आमा. गुडघे दुखतात म्हणून देवदर्शनाला न येणाऱ्या गिन आमा.

फानच्या हातातला कप तसाच राहिला. "साहेब," तो म्हणाला, "हे बघा. आले सगळे. आणि जिथे यायला हवं तिथेच आले."

वेई साहेब म्हणाले, "सरकारी धोक्याची सूचना कचऱ्याच्या गाण्यावर? वर कुणाला सांगू मी हे?"

खरा विरोध केला तो सरपंचबाईंनी. "नाही जमायचं. मेइकेंगचे लोक कचऱ्याच्या गाण्यावर नाचतात म्हणून सगळा तालुका हसेल आम्हाला."

तोवर आमा पिशवी टाकून, दम खात पायरीवर टेकल्या. "मघाशी कसला गं तो आवाज?" त्यांनी विचारलं. "मी आपली पलंगाखाली जाऊन बसले होते." सरपंचबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हसू दे तालुक्याला."

नव्या भोंग्यावर सरकारी शिक्का होता. त्याच्या पोटात नवं गाणं घालायचं तर राजधानीतून मंजुरी, आणि तोवर वादळांचा हंगाम थोडाच थांबणार होता? पण मी गावाचा होतो. माझ्यावर कुणाचाच शिक्का नव्हता. फान माझ्या खांबावर चढला, तोंडातलं घरटं काढलं, गंज खरवडला, कचऱ्याच्या गाडीचं गाणं माझ्यात भरलं आणि ओढ्यावरच्या तारांशी मला जोडलं. वेई साहेबांनी स्वतःच्या जबाबदारीवर नव्या भोंग्याचा तो भेसूर आवाज बंद करवला. त्याने आता फक्त शब्दांत सांगायचं, "देवळातच थांबा." हाक मारायचं काम माझं. भंगाराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही आणि मी शेजाऱ्याशी बोलू लागलो.

त्याच उन्हाळ्यात वादळ आलं. ओढ्याकाठच्या लोकांना आधीच देवळात हलवलं होतं. पण सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं आणि लोक हळूहळू घरी परतले. चिखल काढायचा होता, कोंबड्या बघायच्या होत्या. सरपंचबाई हात जोडून सांगत होत्या, पण निरभ्र आकाशाखाली कोण ऐकतं? आमा आपल्या बरण्या पुसत बसल्या होत्या.

दुपारच्या जेवणाआधी वरची तार तुटली.

मला फार भीती वाटली मित्रांनो. एवढ्या वर्षांचा गंज, रात्रभरचं पाणी. गळ्यातून आवाजच फुटला नाही तर? पहिला सूर फाटकाच निघाला. दुसरा बरा निघाला. मग मी जे गाऊ लागलो ते जन्मात कधी गायलो नव्हतो.

वादळामुळे आदल्या दिवशी गाडी आली नव्हती. घराघरांत पिशव्या तुंबल्या होत्या. लोक म्हणाले, "आली वाटतं आज," आणि चप्पल सापडेल ती घालून निघाले. आमांनी बरण्यांवर झाकणं ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि चढ चढू लागल्या. मी वरून त्यांचं वाकलेलं डोकं बघत होतो आणि गात होतो. मध्ये त्या श्वास घ्यायला थांबल्या. मी आणखी जोरात गायलो. त्या मला उद्देशून काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

त्या अंगणात पोहोचल्या आणि थोड्याच वेळात खालून आवाज आला, दगडांवर दगड घासत येणारा. ओल्या मातीचा वास वर आला. ओढ्याकाठी जिथे घर होतं, अंगण होतं, बरण्या होत्या, तिथे आता तपकिरी चिखल वाहत होता. सरपंचबाईंनी माणसं मोजली, पुन्हा मोजली. सगळे होते. एकजात सगळे, हातात कचरा घेऊन. तार तुटल्याचं कळून वेई साहेब आणि फान धावत वर आले तेव्हा फानला हसू आवरेना आणि वेई साहेबांना रडू.

आमा मात्र इकडेतिकडे बघत होत्या. "गाडी कुठंय?"

सरपंचबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "गाडी नाही आली, आत्या. तुम्हाला बाहेर काढायचं होतं."

आमांनी खाली ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आज टाकायचा माल मीच होते तर."

"टाकायचा नाही हो," सरपंचबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमांना घट्ट धरलं. "ठेवायचा."

आता आमा देवळामागच्या खोलीत राहतात. नव्या बरण्यांत नवे प्लम मुरत आहेत. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणीतरी खांबावर गंजत असेल. वर्षातून एकदा त्याच्या तोंडातलं घरटं काढा, थोडं तेल द्या. आणि माणसांना वाचवायला नवं काही उभारणार असाल, तर ती माणसं कुठल्या हाकेला घराबाहेर पडतात ते आधी बघा.

गेल्या सणाला आमांनी फानला शिडीवर चढवून माझ्या खांबाला लाल कापड बांधायला लावलं, देवाला बांधतात तसलं. खाली उभ्या राहून त्या केरसुणी रोखून सांगत होत्या, "नीट बांध. सैल पडलं तर बोंबल्याला थंडी वाजेल."